धूर नसलेलं धुराडं

आखातातल्या वेस्ट बे भागातल्या आमच्या ऑफिसात, अजून न बांधलेल्या टॉवरच्या फिल्म करणारी एक युक्रेनची बाई माझ्या शेजारी बसायची. कॉम्प्युटरवरच्या संगमरवरी लॉबीत ती दिवसभर हसरी माणसं पेरायची. जेवणाच्या सुट्टीत मात्र एका हातात काकडी धरून स्वतःची फिल्म करायची: दुष्काळातलं आजीचं गाव. फोटो एकही उरला नव्हता. आजीने सांगितलं तेवढंच गाव शिल्लक होतं.

एका दुपारी मॅनेजर तिच्या मागे येऊन उभा राहिला. ऑफिसच्या मशीनवर खासगी काम म्हणजे नोकरी आणि व्हिसा दोन्ही धोक्यात. मी टॉवरच्या नकाशात डोकं खुपसलं.

"सुंदर!" तो म्हणाला. "टॉवरच्या समारंभात दाखवू. फक्त धुराड्यातून थोडा धूर काढा, मॅडम. घर जिवंत वाटेल."

"धूर नाही."

"दोन मिनिटांचं काम. यल्ला, चला लवकर! नाहीतर फोल्डर उडवतो."

तिने माउसवरून हात काढून घेतला. "सरकारची माणसं लपवलेलं धान्य जप्त करत फिरायची. धूर दिसला की घरात शिरायची. आजी दिवसा चूल पेटवत नसे."

"बघणाऱ्यांना काय कळणार?"

"आजीचं घर पकडलं जाईल."

त्याने चार वर्षांचं काम तिच्यासमोर उडवलं.

आमचा टॉवर दर आठवड्याला आणखी भव्य होत असे, त्यामुळे रद्द नकाशांना तोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी पाठकोऱ्या नकाशांचा गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवला. तिने काकडी बाजूला ठेवली, पेन्सिल घेतली आणि आधी धुराडं काढलं. वरचं आभाळ कोरंच ठेवलं.