आवाज बाहेर यायला नको

पोलिसातल्या नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. करंजाड्यातली एक दुपार मात्र जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की मी उठून घरातल्या खिडक्या उघडतो. बायको म्हणते, डास येतात. येऊ देत.

नावं कुणाचीच सांगणार नाही. कुटुंब मूळचं साताऱ्याकडचं. रो हाऊस, खाली गॅरेज, गॅरेजमधूनच वर जाणारा जिना, वर स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. घरात विधवा आई, तिचा एकुलता एक मुलगा आणि सातव्या महिन्यातली सून. मुलाने जुनी, दोन दरवाजांची लाल स्पोर्ट्स कार घेतली होती आणि तिचा सायलेन्सर घरीच बदलायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं. मोबाईलवर व्हिडिओ बघून त्याने धूर साफ करणारा डबा कापून काढला आणि सरळसोट स्टीलचा पाइप बसवला. गाडी सुरू झाली की गल्लीतली कुत्री पळायची. शेजाऱ्यांनी ठाण्यात अर्ज दिला.

नियमाप्रमाणे तो पाइपच काढायला लावायला हवा होता. पण गणपतीचा बंदोबस्त तोंडावर आला होता, मी सोपा रस्ता धरला. त्याला बोलावून ठणकावलं, "आवाज बाहेर यायला नको. परत गल्लीत ऐकू आला तर गाडी ठाण्याच्या आवारात गंजत पडेल." तो म्हणाला, "नाय येणार साहेब, टेन्शन नका घेऊ." खरोखरच नाही आला. शेजाऱ्यांनी फोन करून माझे आभार मानले आणि मी ते घेतले.

तीन आठवड्यांनी सुनेचा भाऊ ठाण्यात आला. त्याची खबर वेगळीच होती. बहिणीला सासू विष घालते, असं त्याचं म्हणणं. दुपारनंतर तिचं डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या, एकदा तर ती पलंगाशेजारी बेशुद्ध सापडली. खांदेश्वरच्या दवाखान्यात दोन दिवसांत ठणठणीत. घरी आणली की तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता ती दुसऱ्यांदा दाखल होती. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं, रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत गेले होते आणि अहवालाला वेळ होता. सासू तिला रोज काढा करून देत होती. नवऱ्याला काही होत नव्हतं, सासूलाही नाही. माहेरही साताऱ्याकडेच, पण तिथपर्यंतचा प्रवास डॉक्टरांनी मना केला होता. "आज संध्याकाळी तिला त्याच घरात सोडणारेत," भाऊ म्हणाला. "पोटात बाळ आहे साहेब. तिला तिथून जिवंत कोण आणणार?"

सासू म्हटलं की आम्हा पोलिसांचाही अर्धा तपास आधीच झालेला असतो. मी स्टेशन डायरीला नोंद केली आणि निघालो. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब तिच्या घरीच घ्यावा लागतो. म्हणून सोबत महिला हवालदार घेतली. त्या दिवशी हरतालिका होती आणि तिचा कडक उपास होता, पाणीसुद्धा न घेता.

म्हातारीने आल्या आल्या चहा टाकला. हवालदारबाईने हात जोडून नको म्हटलं. मी प्यायलो. मुलाला मी खाली जायला सांगितलं, आईच्या तोंडाकडे बघत बसला असता तर ती बोलली नसती. शेजाऱ्यांच्या कानावर विषय जायला नको म्हणून खिडक्याही मीच लावून घ्यायला सांगितल्या. थोड्या वेळाने खालून इंजिनाची गुरगुर येऊ लागली. पोराला हात चालू ठेवल्याशिवाय चैन पडत नसावं. निदान माझ्या तंबीप्रमाणे शटर लावून काम करतो आहे, एवढंच माझ्या मनात आलं.

काढ्यात काय घालता, हा एकच प्रश्न मी तिला चार तऱ्हांनी विचारला. सुंठ, धने, गूळ, ती म्हणाली. मग म्हणाली, गूळ नाही. तिचा चेहरा लालसर झाला होता, शब्द जड पडत होते. मी लिहिलं, 'सुसंगत उत्तरे देत नाही.' आणखी जोर लावला. शेवटी ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "लिवा सायेब. माज्याच हातनं झालं आसंल. मला काय बी आठवंना."

मी लिहू लागलो. अक्षरं ओळ सोडून खाली जात होती. कानशिलं उडत होती, पोटात ढवळत होतं. माझी नजर समोरच्या रिकाम्या कपावर गेली. म्हातारीने मलाही पाजलं, हाच विचार. दंगलीत दगड खाल्लेत मी, अंगावर चाकू घेऊन आलेला माणूस धरला आहे, पण तशी भीती कधी वाटली नव्हती. मारणारं आत गेलेलं होतं आणि ते बाहेर काढता येत नव्हतं.

कप जप्त करायला सांगावं म्हणून वळलो, तर हवालदारबाई भिंतीला घसरत खाली बसलेली. "सर, डोकं फुटतंय," एवढंच ती बोलली.

तिने पहाटेपासून घोटभर पाणी घेतलं नव्हतं. उपासाची चक्कर म्हणावी, तर माझं डोकं का फुटत होतं? चहा म्हणावा, तर तो तिने घेतलाच नव्हता. आणि म्हातारी? तिचेही शब्द जड पडत होते, आणि चहा तिनेही घेतला नव्हता. आम्ही तिघांनी मिळून त्या खोलीत एकच गोष्ट घेतली होती, ती म्हणजे हवा. पायाखालची फरशी इंजिनाने थरथरत होती.

खिडकीपर्यंत चार पावलं होती. पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे वाटत होते. कडी बोटांना सापडेना, तेव्हा ओट्यावरचा पोळपाट उचलून काच फोडली आणि तोंड बाहेर काढलं. खाली गल्लीत मुलगा शटरला कान लावून उभा होता. शटरच्या खालच्या फटीत त्याने बाहेरून गोधड्या कोंबल्या होत्या. वर बघून तो हसला. "ऐका साहेब, काय आवाज नाय बाहेर."

मी ओरडलो, इंजिन बंद कर. त्याला आधी कळेचना. मग धावला. आम्ही दोघांनी त्या दोन्ही बायकांना ओढत गल्लीत आणलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. आम्हा तिघांच्याही अंगात गाडीच्या धुरातला विषारी वायू भिनला होता. त्याला ना रंग, ना वास. डबा कापल्यामुळे तो तसाच बाहेर पडत होता आणि शटर बंद म्हणून जिन्याने वर चढत होता. मुलगा गाडी सुरू करायचा आणि आवाज येतो का ते ऐकायला गल्लीत जायचा. आई दुपारची देवळात भजनाला. घरात आडवी पडलेली असायची ती एकटी सून. बाळाचे ठोके लागत होते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी बाकावर बसून रडलो. लाज वाटली नाही.

मुलावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला, गाडी जप्त झाली. मी दिलेली तंबी आणि म्हातारीचा तो अर्धा जबाब, हे दोन्ही मी स्वतःच्या हाताने केस डायरीत लिहिलं. एक वरिष्ठ म्हणाले, गरज नव्हती. मला होती. आयुष्यभर मी माणसाच्या चेहऱ्यावरून गुन्हा ओळखतो अशी फुशारकी मारली. गुदमरलेला चेहरा आणि गुन्हेगाराचा चेहरा मला सारखेच दिसले. आणि पुरेसा वेळ दाबून विचारलं की माणूस हो म्हणतो, याला मी तोवर तपास म्हणत होतो.

काही दिवसांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हातारी भेटली. सुनेसाठी भाताची पेज घेऊन आली होती. मी माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि डबा खाली ठेवून विचारलं, "त्या पोलीसबाईंचा उपास नसता, त्यांनी बी च्या घेतला आसता, तर मला नेलं आसतं न्हवं?"

मी हो म्हणालो.

"आन सूनबाईला सांजंला त्याच हवेत आणून सोडलं आसतं."

त्यालाही मी हो म्हणालो.