आतून चकचकीत नळी

आज आखातातल्या एका मशीन शॉपमध्ये, घरापासून इतक्या लांब, मी कुणालाही न विचारता ड्रॉइंग वाचतो, ते धुळ्याच्या अक्कांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल तक्रारीच करणार आहे.

अक्का मेकॅनिकल इंजिनीअर. उपग्रहात बसणाऱ्या कॅमेऱ्याचं धातूचं अंग त्या आखायच्या. भिंगं धरणारी नळी, तिची टोपी, तिचे आधार. त्यांचं ऑफिस लांब दक्षिणेत. पण नव्वद सालच्या आसपास चाचणीच्या नळ्या करायला त्यांनी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला आमच्या शेठचा कारखाना निवडला आणि दर पंधरा दिवसांनी रेल्वेनं येऊन आमचा जीव खायला सुरुवात केली. मी तिथे लेथवर होतो. शेठ त्यांना मॅडम म्हणत. मला त्या म्हणाल्या, "मॅडम म्हटलं की माणसं खरं बोलत नाहीत. तू अक्का म्हण." मी अक्का म्हणू लागलो आणि खोटं बोलतच राहिलो. ते कोणतं, ते पुढे येईलच.

जळगावचा उन्हाळा म्हणजे दुपारी मशीनला हात लावता येत नाही, आणि ॲल्युमिनियम तर उष्णतेनं फुगतं. अक्कांचा हुकूम होता, "दुपारी घेतलेलं माप मला सांगायचं नाही." म्हणून मापं पहाटे साडेपाचला. आपण डोळे चोळत जावं, तर या थर्मामीटर घेऊन आधीच स्टुलावर बसलेल्या. माप बरोबर आलं की म्हणायच्या, "आणखी एकदा." तिसऱ्यांदाही बरोबर आलं की, "हं. आता मला संशय येतोय."

वजनाचंही तसंच. पिशवीत सोनाराकडे असतो तसला छोटा तराजू कायम. आधारातला धातू अजून कोरून काढ म्हणाल्या, तेव्हा मी कुरकुरलो. त्यांनी माझ्या डब्याशेजारचं केळं उचलून तोललं, सोललं आणि नुसती साल तोलली. "इतकं फुकट वाहून न्यायचं. वरती साल न्यायची नसते, भाऊ." मला पटलं. केळं मात्र बोलता बोलता त्याच खाऊन बसल्या.

पण खरा छळ वाचनाचा. मशीन सुरू करण्याआधी ड्रॉइंगवरची प्रत्येक सूचना मोठ्यानं वाचायची, हा त्यांचा नियम. मला आकडे कळत, रेषा कळत. इंग्रजी कळत नव्हतं. सातवीत शाळा सोडलेली, आणि शेठला सांगितलेलं की दहावी झालोय. ते उघडं पडलं असतं तर लेथ गेलं असतं आणि मी हात हलवत गावी. शेजारच्या लेथवरचे हमीदभाई सकाळी मला हळूच वाचून दाखवत. तेच मी पाठ करून अक्कांसमोर घडाघडा म्हणायचो. त्या कागदाकडे न बघता माझ्याकडे बघायच्या. मी आणखी भरभर म्हणायचो.

शेवटच्या तीन नळ्यांच्या वेळी हमीदभाई भुसावळला लग्नाला गेले होते. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात इंग्रजीच्या दोन ओळी होत्या. मी त्या पाहिल्या आणि काम सुरू केलं. नळीच्या आत स्क्रूला असतात तसे बारीक आटे पाडायचे होते, ते पाडले. पण ती खरखर मला बघवेना. पंपाचे दांडे करताना माझ्या उस्तादांनी शिकवलेलं, कामात चेहरा दिसला पाहिजे. शिवाय या बाईंनी एकदा तरी खूश व्हावं, ही हौस. दोन दिवस घासघासून तिन्ही नळ्या आतून आरशासारख्या केल्या.

अक्का आल्या. नळीत टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिल्या.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "काही कामाचं नाही."

मग समजावलं. आडून आलेला उजेड नळीच्या भिंतीवर मरायला हवा, म्हणून ती खरखरीत ठेवून काळी करायची; कोपऱ्यातल्या त्या दोन ओळींत हेच लिहिलं होतं. "तुझ्या नळीत तो नाचेल. जमिनीच्या फोटोत नुसती चमक येईल."

अक्का चिडल्या की अहिराणीत यायच्या. "खालनी ओळ वाची का?"

"वाची, अक्का."

"मंग वाच ना."

मी कागद हातात घेतला. शेठ समोर उभे. लग्नाहून परतलेले हमीदभाई मान खाली घालून लेथ पुसत होते. आकडे वाचले आणि थांबलो.

"माले इंग्रजी येत नही, अक्का."

"म्हणजे दहावीही थापच," शेठ म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

"त्याला काढलंत तर हे आटे पुन्हा कोण पाडेल, शेठ? तुम्ही?" असं म्हणून अक्का टेबलाशी बसल्या, ऑफिसला चिठ्ठी लिहिली आणि आम्हाला मराठीत वाचून दाखवली. "चूक माझी, काम करणाऱ्याला समजेल अशा भाषेत मी सूचना दिली नव्हती." खाली त्यांची सही. शेठ "बरं, राहू दे" म्हणून निघून गेले. मला हायसं वाटलं, आणि रागही आला. चूक माझी होती, तीसुद्धा या बाईंनी हिसकावून घेतली.

मग त्यांनी सगळी ड्रॉइंगं समोर पसरली आणि त्यात पुन्हा पुन्हा येणारे शब्द एका कागदावर उतरवले. "बठ्ठा मिळीसन चाळीस शब्द शेतस. चाळीस शब्दांपायी इतकं खोटं?" तेव्हापासून त्या आल्या की पहाटेच्या मापानंतर पाच शब्द. चुकलं की आणखी एकदा.

दोन नळ्यांत आटे पुन्हा खोल पाडून निभावून नेलं. तिसरी फार पातळ झाली होती. काम संपल्यावर स्टेशनवर पोचवायला गेलो, तर ती अक्कांनी खिडकीतून माझ्या हातात दिली. "हिच्यात तोंड बघायचं, मग ड्रॉइंग वाचायचं." गाडी सुटेपर्यंत त्या माझ्याकडून शब्द म्हणवून घेत होत्या. डब्यातली माणसं हसत होती.

पुढे हमीदभाईंच्या पत्रातून कळलं की अक्का नोकरी संपवून धुळ्याला परतल्या. नळी इथे माझ्या खोलीत आहे, तिच्यात पेनं असतात. पण दक्षिणेतल्या कुठल्याशा फायलीत त्यांच्या सहीनं अजून लिहिलेलं आहे की चूक त्यांची. हे मला सोसत नाही. एकदा धुळ्याला जाईन आणि चूक माझी होती असं माझ्या हातानं, इंग्रजीत लिहून त्यांच्यासमोर ठेवीन. त्या चष्मा लावतील, पेन्सिलीनं दोन ठिकाणी खुणा करतील आणि कागद परत देत म्हणतील, "आणखी एकदा."

मी पुन्हा लिहीन.