मागच्या सैनिकांचे चेहरे

नागरी सेवेच्या पूर्वपरीक्षेच्या यादीत माझा नंबर नव्हता. त्या दुपारी खोलीवर न जाता मी करोल बागेतल्या एका थिएटरात जाऊन बसलो. चित्रकथेच्या पुस्तकावरून काढलेला, प्राचीन युद्धाचा सिनेमा होता. तांबूस आभाळात भाले संथ उडत होते आणि रक्त पाकळ्यांसारखं तरंगत होतं.

शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांची बोटं अंधारात ब्रश फिरवल्यासारखी हलत होती. मध्यंतरात ते म्हणाले, "चालीस साल सिनेमा के पोस्टर रंगे, बेटा. सेठ कहता था, पीछे वाले सिपाहियों के चेहरे मत बनाओ, टाइम नहीं है."

उत्तरार्धात धारातीर्थी पडलेला एकेक सैनिक जवळून दिसू लागला. कुणाच्या भुवईवर धूळ होती, कुणाचे ओठ अर्धवट उघडे होते. शेजारच्या गृहस्थांची बोटं थांबली. "इन्होंने सबके चेहरे बनाए," ते पुटपुटले आणि रडू लागले.

दिवे लागल्यावर त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, बराच वेळ न्याहाळला आणि निघून गेले.

बाहेर उन्हात उभा राहून मी वडिलांना फोन लावला. "बाबा, या वेळी नाही झालं. पण मी बरा आहे."

ते म्हणाले, "आवाज ऐकला, बरं वाटलं."