गोवऱ्यांवरचा काल्झोने

आमच्या साडभाऊंना, म्हणजे थोरल्या साडूंना, आजवर एकाही गोष्टीचं नवल वाटलेलं नाही. जगात जे जे म्हणून आहे ते सगळं त्यांच्या गावात, सिहोऱ्यात, आधीच होऊन गेलेलं आहे, अशी त्यांची पक्की खात्री आहे. मी त्यांना एकदा समुद्र दाखवायला नेलं होतं. माणसं समुद्र पाहून गप्प होतात, हे डोळ्यांवर हात धरून बराच वेळ न्याहाळत राहिले आणि म्हणाले, "तलाव बरा हाय जी. पण पलीकडची पाळ बांधली नाही कोनं." नागपूरच्या मोठ्या दुकानात सरकत्या जिन्यापाशी मी त्यांचा हात धरायला गेलो, तर "राईस मिलात धान असंच चढते ना वर!" म्हणून त्यांनी माझा हात झटकला. धान जसं निमूट चढतं तसे ते चढले, आणि वरच्या टोकाला धान जसं ओतलं जातं तसे ओतले गेले. उठून धोतर झटकताना म्हणाले, "मिलातही असंच होते."

अशा माणसाची एकुलती एक लेक नोकरीसाठी इटलीत असते. मागच्या हिवाळ्यात, धान घरात आल्यावर, ती सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आठवडाभर माहेरी आली. ही नात साडभाऊंनी तोवर फोनच्या काचेतच पाहिलेली. मी आणि माझी बायको भेटायला म्हणून भंडाऱ्याहून सिहोऱ्याला गेलो, तेव्हा घरात विलक्षण प्रकार चालला होता. नात आईच्या पाठीमागे आणि साडभाऊ नातीच्या मागे, अशी वरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. पोरीला त्यांच्या मिशीचं भय वाटे आणि आवाजाचं त्याहून जास्त. सगळा जन्म धानाच्या चार बांध्यांपलीकडच्या गड्याला हाका मारण्यात गेलेला, त्यामुळे साडभाऊ कानात गुपित सांगायला लागले तरी शेजारचा "ओ" देतो. त्यांनी तिला बकरीचं पिल्लू दाखवलं, बैलांच्या पाठीवर बसवतो म्हणाले, स्वतः गुडघ्यांवर रांगून दाखवलं. पोर काही जवळ येईना. त्यात तिने जेवण सोडलेलं. वरण-भात पुढे केला की ताट सरकवायची आणि बिस्किटांवर दिवस काढायची.

ओसरीवर मला एकटं गाठून साडभाऊ म्हणाले, "पाहुणे, पोरगी माह्या घरून उपाशी गेली त मी कोनाले तोंड दाखवू?" इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. मला फार वाईट वाटलं.

शेवटी लेकीने मुलीला विचारलं, तुला हवं तरी काय? ती म्हणाली, "काल्झोने." लेकीने फोनवर चित्र काढून दाखवलं. मैद्याची जाड पोळी लाटायची, आत टोमॅटोची चटणी आणि चीज भरायचं, दुमडून कडा बंद करायच्या आणि भट्टीत भाजायची. साडभाऊंनी चित्र नाकाशी धरलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "हा त कानोला होय! तब्येतीनं बरा हाय, एवढंच."

कानोला म्हटल्यावर त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला, दुसरं काही ऐकायची गरज उरली नाही. तिने दिवाळीची करंजी करावी तशी खोबरं-खसखस भरली, पण पायताणाएवढी, आणि कढईत सोडली. ती कढईत मावेना, आधी एक टोक तळलं, मग दुसरं. नातीने एक घास घेतला, आईकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"तळाचा नाही, भाजाचा हाय," साडभाऊंनी निकाल दिला. "म्हनजे गोवऱ्यांवरचा रोडगा होय. आपन उगाच दिवाळीत घुसलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः तुमसरला जाऊन चीज घेऊन आले. मागच्या वाडीत गोवऱ्या रचून पेटवल्या. रोडगे दोघा-चौघांपुरतेही करता येतात हे त्यांच्या गावीच नाही, त्यामुळे सगळ्यात मोठी परात काढून कणीक भिजवली. मैदा पोरीच्या पोटाला बरा नाही म्हणून मैद्याच्या जागी गव्हाची कणीक आली होती. लेक म्हणाली, आत तुळशीसारखं एक पानही घालतात. हे ऐकताच साडभाऊ वृंदावनाकडे गेले आणि मूठभर तुळस खुडून आले.

मेव्हणी कपाळावर हात मारून म्हणाली, "काय करून राहिले जी तुमी? तुळस टाकली म्हनजे निवद झाला! आता देवाले दाखवल्याबिगर खाता येते का?"

मग पहिला काल्झोने देवापुढे गेला. घंटा वाजली. इकडे वाडीत धूर, घरात घंटा, आणि सणवार तर काही नाही. शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या. "कायचा नवस फेडून राहिले, भाऊ?" साडभाऊ उत्तर देईपर्यंत बातमी पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली होती. आमच्याकडे नवसाच्या रोडग्यांना माणसं आपलं ताट-तांब्या घेऊन येतात, आणि आलेल्याला परत पाठवायचं नसतं. बघता बघता वाडीत पंगत बसली.

साडभाऊ निखाऱ्यातून एकेक काल्झोने काढत, खांद्यावरच्या दुपट्ट्याने राख झटकत आणि वाढत. एका म्हाताऱ्याने पहिला तुकडा तोडला आणि तोंडाकडे नेला, तशी चीजची तार ताटापासून निघाली. तो हात वर करत गेला, तार लांबत गेली. "हे तुटत काहून नाही जी?" म्हणत तो उभा राहिला. शेजारचा मदतीला धावला, तर तार त्याच्या मिशीला चिकटली. मग सगळ्या पंगतीतच तारा निघाल्या. "भाऊनं रोडग्यातच भाजी भरली," कोणीतरी वाखाणलं, "वाढनाऱ्याची कटकटच मिटली!"

आणि मागच्या दारातून खळखळून हसण्याचा आवाज आला. नात आईचा हात सोडून उंबऱ्यात उभी होती. ती सरळ चालत आली, काकूंच्या शेजारी पंगतीत बसली आणि आपल्यापुढच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, "आबाजी, मला."

साडभाऊंनी तिच्यापुढे ताट ठेवलं आणि निखाऱ्यातून काल्झोने काढला. त्यांनी राख झटकली, मग फुंकली, मग स्वतःच्या धोतराने पुसली. तिने घास घेतला, चावला आणि गंभीरपणे म्हणाली, "आमच्याकडे राख नसते." मग उरलेला सगळा संपवला आणि बोटं चाटत "अजून" म्हणाली.

"भाऊ, नवस कायचा होता ते सांगतलंच नाही," काकूंनी पुन्हा विचारलं.

"हाच," साडभाऊ नातीच्या ताटाकडे बघत म्हणाले. "पोरगी जेवली पायजे, इतकाच."

उरलेले दिवस ती त्यांच्या खांद्यावरून उतरली नाही. विमानतळावर ती रडली. साडभाऊ रडले नाहीत, पण परतताना त्यांनी गाडी थेट साकोलीला नेली, आणि साकोली आमच्या वाटेवर नव्हती. रस्ता चुकलाय हे सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं.

परवा पुन्हा सिहोऱ्याला गेलो. दुपार झाली, आम्ही जेवलो, पण साडभाऊंनी ताट घेतलं नाही. "रोजचंच हाय," मेव्हणी म्हणाली, "गाई घरी याच्या वक्ताले दुपारचं जेवतेत." ऊन कललं तेव्हा ते हात धुऊन पाटावर बसले. मी विचारलं, इतका उशीर का करता?

"तिकडं आत्ता दुपार झाली असन," त्यांनी भात कालवला. "पोरगी जेवाले बसली असन. तिनं एकटीनं कायले जेवाचं?"