मोरपंखीची मुळं

घड्याळं दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या माझ्या काकांनी दुकान बंद केल्यावर दारात मोरपंखी लावली. सहा वर्षांत ती त्यांच्या खांद्याला लागली. या उन्हाळ्यात तिची पानं आतून तपकिरी पडू लागली, तसे काका सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागले.

"माझ्या औषधांची आठवण राहत नाही, हिच्या पाण्याची बरी राहते," काकू म्हणायची.

शेवटी काकांनी रोपवाटिकेतल्या माळ्याला बोलावलं. त्यानं बुंध्याजवळची माती उकरून हुंगली.

"काका, मुळं कुजलीत. पाणी जास्त झालं."

"मग आता काय करू?"

"आता करण्यासारखं काही राहिलं नाही."

काकांनी फांदीवरून हात फिरवला, तर मूठभर पानं गळून हातात आली. ती कुठे टाकावी, हेही त्यांना सुचेना.