वरचा रस्ता

परवा एक ओळखीची बाई आली आणि साताऱ्यात घर घ्यायचंय म्हणू लागली. नव्या वसाहतीत नको, जुन्या पेठेतच हवं. का, तर सगळं चालत जाण्यासारखं. देऊळ चार पावलांवर, मंडई दहा मिनिटांवर, राजवाड्यासमोर बाग, वर अजिंक्यतारा. "तुम्ही नशीबवान, तुमचं लहानपण तिथं गेलं," असंही म्हणाली. मी तिला चहा दिला. चालत जाण्यासारखं आहे, हे खरंच आहे. कुणाला, ते तिनं विचारलं नाही.

आमची पेठ राजवाड्याच्या पश्चिमेला. दक्षिणेला किल्ला, त्यामुळं सगळी जमीन त्या बाजूनं खाली उतरत येते. आमच्या घरापासून बागेकडं दोन रस्ते जात. खालचा बाजारातून, बराचसा सपाट. वरचा किल्ल्याच्या अंगानं, आणि तो पार कललेला. त्यावरून बैलगाडी निघाली की एका चाकावर ओझं येई आणि गाडीवान दुसऱ्या बाजूला सरकून बसे. बागेकडं तोंड करून चाललं की उजवा पाय उंच अंगाला पडे, डावा सखल अंगाला. परत येताना उलट. एवढं ध्यानात ठेवा, बाकीचं आपोआप कळेल.

माझी बहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिसऱ्या वर्षी तिला ताप आला. ताप गेला तो उजवा पाय दोन बोटं आखूड करून गेला. दिसायला ती माझ्याहून दसपट चांगली होती. हे मी आज कबूल करते, तेव्हा कुणी जीभ ओढली असती तरी केलं नसतं. पेठेतल्या पोरी लंगडीचा डाव मांडायच्या आणि तिला हाका मारायच्या, "ये की गं, तुला कुटं शिकवाय लागतंय!" त्यात माझाही आवाज असे. बहिणीची लाज वाटू नये म्हणून मी सगळ्यांच्या आधी हसत असे. हा उपाय मला फार लवकर सापडला होता.

त्याहून वाईट म्हणजे मी तिच्या मागून चालत तिची नक्कल करायची. ती पुढं, मी चार पावलं मागं, आणि मागून येणाऱ्या पोरी तोंडाला पदर लावून खिदळत. एका सोमवारी सकाळी आम्ही देवळात फुलं घेऊन निघालो होतो. आई एरवी खालच्याच रस्त्यानं जायला सांगे, पण त्या दिवशी तिथं चिखल होता म्हणून आम्ही वरून गेलो. मी सवयीनं मागून नक्कल करायला लागले, तर नक्कल करायला काही सापडेना. ती सरळ चालली होती. खांदे एका रेषेत, मान ताठ, वेणी पाठीवर मधोमध. आखूड पायाला उंच जमीन मिळाली होती, बस. मी घरी पळत जाऊन आईला सांगितलं. मला वाटलं होतं ती मला नकला करते म्हणून धोपटेल. तिनं मला पोटाशी धरलं आणि लाडू दिला.

त्या लाडवाची चव मला अजून आठवते, आणि आठवली की स्वतःचा संताप येतो.

वडील पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले हवालदार. पेन्शनीत येऊन त्यांना कुणाला हुकूम सोडायला मिळत नव्हता, तो आता मिळाला. रोज सकाळी वरच्या रस्त्यावर बहिणीची कवायत सुरू झाली. वडील छाती काढून पुढं, ती मागं. "नजर समोर! पाय ओढू नगंस! व्हय, आस्सं!" बागेच्या फाटकापर्यंत कवायत चाले. तिथं ती थांबे. मग वडील खालच्या रस्त्यानं एकटेच घरी येत आणि मी तिला मागच्या बोळांतून, गटारांच्या कडेनं आणत असे. ते येणं कुणी पाहायचं नव्हतं. येताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवायची आणि मी तो झटकायची. एकदा ती मला म्हणाली, "जाताना मला लय बरं वाटतं गं. परत येऊच नये वाटतं." मी म्हटलं, "मग नगं येऊस."

आमच्याकडं तेव्हा रीत अशी होती की मुलगी रीतसर बघायला जाण्याआधी मुलाकडच्या बायका तिला बाहेर कुठंतरी बघून घेत. देवळात, पाणवठ्यावर, रस्त्यात. मुलीकडच्यांना हे ठाऊक असे आणि ठाऊक नाही असं ते दाखवत. आता दुसरी लढाई चालू होती. सांगलीचं एक स्थळ आलं. मुलगा पलटणीत, तीन आठवड्यांच्या रजेवर, आणि त्याच्या आईला तो परत जायच्या आत सून घरात हवी होती. वडिलांनी निरोप धाडला, पोरगी रोज सकाळी बागेकडनं देवळाला जाते. त्या बाई आणि त्यांची जाऊ बागेच्या कट्ट्यावर येऊन बसल्या. बहीण हिरवं लुगडं नेसून, हातात फुलांची परडी घेऊन, वरच्या रस्त्यानं त्यांच्यासमोरून गेली. मी बरोबर होते. त्या दोघी एकमेकींकडं बघून समाधानानं मान हलवताना मी पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. बहीण आधीच पाटावर बसवून ठेवलेली. "जरा चालून दाखीव पोरी," असं जाऊबाई म्हणाल्या, तर आई लगेच हसून म्हणाली, "आवं, काल रस्त्यात बघितलीसाच की. आमी काय आंधळ्या हाय व्हय?" चोरून बघितल्याचं उघड झालं म्हणून पाहुण्या ओशाळल्या आणि तो विषय तिथंच संपला. माझी आई हुशार होती. पेठेतल्या शंभर माणसांना पाय माहीत होता, पण एकानंही तोंड उघडलं नाही. चांगुलपणानं नव्हे. प्रत्येकाच्या घरात झाकायला काहीतरी होतंच, आणि आज आपण बोललो तर उद्या आपली पाळी.

आठ दिवसांत लग्न उरकलं. मांडवात भारी लुगडं, मुंडावळ्या, हाताला धरून चालवणाऱ्या बायका. कोण बघतंय पाय! पाठवणीच्या वेळी ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "सांगलीला चढ हाय का गं?" मला काय माहीत. मी म्हटलं, "असंल की."

सांगली कृष्णेच्या काठी पसरलेली, हाताच्या तळव्यासारखी सपाट. मोटारीतून उतरून उंबरठ्यापर्यंत वीस-पंचवीस पावलं होती. तेवढी पुरली.

पुढचं मला तिनं सांगितलं, तेही एकदाच. नवरा दोन दिवसांनी तोंड फिरवून पलटणीत निघून गेला. तो एक शब्द बोलला नाही, हे त्याचं मोठेपण धरायचं. सासू मात्र रोज संध्याकाळी तिला आमराईत घेऊन जायची. तिथं हिरवळीवर गावभागातल्या बायका गप्पा मारत बसत. सासू म्हणायची, "जा गं, त्या तिकडच्या झाडाला शिवून ये." ती जायची, शिवून यायची. "आता त्या पल्याडच्या." बायका मोजत बसत. एक म्हातारी एकदा म्हणाली, "आवं पुरे करा आता," तर सासू म्हणाली, "का वं? सातारकरांनी आमाला चालून दाखीवली, आमी तुमाला दाखीवतो."

पंधराव्या दिवशी सासू तिला घेऊन आली. ते येणं मी या डोळ्यांनी पाहिलं. मोटारी तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालत आणि पूर्वेला नाक्यावर उतरवत. तिथनं टांगा मिळत होता. सासूनं टांगा केला नाही. बहिणीला पुढं घातलं आणि भर दुपारी, दारादारांतून बायका उभ्या असताना, वरच्या रस्त्यानं आमच्या घराकडं चालवत आणलं. तोंड पश्चिमेला. आता आखूड पाय सखल अंगाला. दर पावलाला ती कमरेतून कोसळत होती आणि पुन्हा उभी राहत होती. सासू मागून अगदी सावकाश येत होती, देवळात निघाल्यासारखी. दारात येऊन आईला म्हणाली, "तुमच्याच रस्त्यानं आणलीया. बघा, हीच हाय न्हवं?" आणि पाणीसुद्धा न पिता गेली.

बहीण घरी राहिली. घर म्हणजे मागची खोली. वडील तिच्याशी बोलेनासे झाले, जणू फसवलं होतं ते तिनंच. आई बोलायची, पण कामापुरतं. आणि मी? मी त्या वर्षी पंधरा संपून सोळाव्यात आले होते. माझे पाय सरळ होते आणि मला त्यांचा गर्व होता. परतून आलेली बहीण घरात असली की धाकटीला स्थळं येत नाहीत, हे मला सगळ्यांनी सांगून झालं होतं. रात्रंदिवस मला ती घरात नको होती. स्पष्टच सांगते, नको होती.

मग तासगावकडचं एक स्थळ आलं. त्यांना आम्ही सांगितलं होतं की मोठी सासरी नांदते आहे. पाहुणे सकाळी यायचे म्हणून आईनं बहिणीला पहाटे उठवलं. "बागेत जाऊन बस. पाहुणं गेलं की हिला धाडते बोलवायला." बहिणीनं तेच हिरवं लुगडं नेसलं. दारात मला विचारलं, "येशील न्हवं?" मी वेणी घालत होते. आरशातूनच म्हटलं, "येते की."

ती वरच्या रस्त्यानं गेली. मी खिडकीतून पाहिली. सरळ, ताठ, सुरेख चालत गेली.

पाहुण्यांनी मला चालवलं. अंगणात तीनदा. मी चालले, नको इतकी ठुमकत चालले. त्यांना पसंत पडले. मग बोलणी, मग जेवणं. ते निघाले तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं, आणि बहीण बागेत आहे हे मला तोपर्यंत एकदाही आठवलं नव्हतं. आठवलं नव्हतं हे खोटं. आठवलं होतं, उठले नाही.

वडील आणि मी बागेत गेलो. कट्टा रिकामा. माळी म्हणाला, "सकाळी घटकाभर बसली व्हती. मग उठून फुडं गेली, नाक्याच्या अंगाला." बागेच्या पुढं आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. वडील दिसेल त्या दुकानदाराला विचारत चालले, "लंगडी पोरगी गेली का हिकडनं?" न्हाई, न्हाई, न्हाई. नाक्याच्या अलीकडं एक म्हातारा नालबंद बैलाला नाल ठोकत होता. त्यानं हातोडी खाली ठेवली, विचार केला.

"लंगडी न्हाई बा. हिरव्या लुगड्याची एक गेली सकाळी. पर ती चांगली चालत व्हती. ताठ. पलटणीतल्या गड्यावानी."

 वडिलांनी उजव्या हाताला बघितलं. किल्ला तिथंच होता, आणि रस्त्याची उंच कडाही तिथंच होती, नाक्यापर्यंत. मी वडिलांकडं बघितलं. त्यांच्या तोंडावरून मला कळलं की त्यांना कळलंय, आणि माझ्या तोंडावरून त्यांनाही. नाक्यावर तेव्हा लष्कराच्या लॉऱ्या, कराडच्या मोटारी, पुण्याच्या मोटारी, सगळं उभं असे. धावत गेलो असतो तर कुणीतरी सांगितलं असतं, कुठल्या मोटारीत बसली. वडिलांनी टोपी नीट केली.

"मग ती आपली न्हवं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "व्हय."

आम्ही माघारी फिरलो. त्यानंतर ती कधी दिसली नाही, तिचं पत्र नाही, कुणाकरवी निरोप नाही. माझं लग्न ठरल्या तिथीला झालं.

माघारी आलो त्या संध्याकाळी आई दारातच उभी होती. "गावली का?"

"न्हाई," वडील म्हणाले. "लंगडी कुणी गेलीच न्हाई म्हणत्यात."

आईनं विचारलं, "कुठल्या रस्त्यानं ईचारलंसा?"

"वरच्या."

 आई आत गेली आणि ताटं मांडली. तीन मांडली. पाहुण्यांसाठी केलेला शिरा उरला होता. मी तो दोनदा वाढून घेतला.