अक्काच्या वाटीतली डाळ

लिहू की नको, असं करण्यात बरेच दिवस गेले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मराठी चौथीच्या पुढे गेलेलं नाही आणि मी स्वतः अजून कॉलेजात धडपडतो आहे. माणसानं रोज काय नि किती खावं, यावर मी लेखणी उचलावी हे मलाच आगाऊपणाचं वाटतं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. मी शास्त्र सांगत नाही. एका सुट्टीत जिवाला जी तळमळ लागली, तेवढीच सांगतो.

नगरच्या कॉलेजात आमचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक एकदा धडा सोडून अन्नावर बोलले. शरीर बांधायला आणि झीज भरून काढायला प्रोटीन लागतं. धडधाकट माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण एक ग्रॅम, पोटुशी बाईला त्याहून जास्त. डाळीत ते जवळजवळ चौथा हिस्सा असतं, ज्वारीत दहावा. नुसती भाकरी पुरत नाही, नुसती डाळही नाही. दोन्ही बरोबर खाल्लं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. शिवाय दूध, ताक, आणि ज्याला चालतं त्यानं अंडं. अंड्याचं नाव निघताच वर्गातली मुलं हसली. मी मात्र ग्रॅमचे तोळे करत बसलो, कारण माझी थोरली बहीण बाळंतपणाला घरी येणार होती.

अक्का आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, डोंगरातल्या गावात दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणून तिला माहेरी पुणतांब्याला आणलं. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा ती दारात उभी होती. पोट तेवढं पुढे आलेलं, हातापायांच्या नुसत्या काड्या.

"असा काय बघतुस?" ती म्हणाली. "कालिजात बाया नसत्यात व्हय?"

जेवायला आधी आम्ही पुरुष बसलो. आईनं पळी तळापर्यंत घालून घट्ट आमटी वाढली. मग बायका बसल्या. अक्काच्या वाटीत वरचं पिवळं पाणी आलं आणि ताटात अर्धी भाकरी. डाळ कमी पडली असेल असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि पातेल्यात डाळ तर उरलेली दिसत होती.

मी आईला म्हणालो, "अक्काला एकदा काट्यावर बसवू. वजन कळलं की किती खायला पायजे ते कळंल."

"भरल्या पोटाच्या बाईला तोलत्यात व्हय? गुळाची ढेप हाय का ती?"

ती भांडी घासत राहिली. मग माझ्याकडे न बघताच बोलली, "माझी थोरली भन अशीच गेली. पोर अंगानं मोठं हुतं, ते आडलं. दोगंबी गेली. आठवा लागला की बाईनं हात आखडून खावं. पोर बारीक आसलं की सुटका सोपी हुती."

हा तिच्या एकटीचा समज नव्हता. गावातल्या जाणत्या बायका असंच करत. आई लेकीला उपाशी ठेवत नव्हती, आपल्या मते तिला वाचवत होती. पण अक्काच्या काड्यांसारख्या हातांकडे पाहून गप्प बसवेना. घरात नुसता येरझारा घालत होतो.

शेवटी मी अक्काला माझ्याजवळच जेवायला बसवू लागलो. चार दिवसांचा पाहुणा म्हणून आईनं चालवून घेतलं. तिची पाठ फिरली की मी वाट्या बदलायचो. अक्का आधी चुलीकडे बघायची आणि मग भराभर खायची.

"भूक लई लागती रं," ती एकदा पुटपुटली. "पन आय भ्यालीय."

एके दिवशी आईनं मला वाट्या बदलताना पाहिलंच. "तुझं ते प्रोटीन का काय, आडल्या बाईला सोडवाया येनार हाय का?"

"पन अंगात ताकदच नसंल तर कळा कशा सोसंल ती? नांगराला जुंपायच्या आधी आपन बैलाला पेंड घालतोच की."

"बैल बाळंत हुत न्हाई."

ओसरीवर वडील हसले. आई हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी दोघांच्या वाट्या सारख्याच घट्ट आल्या, आणि अक्काच्या ताटाशेजारी ताकाचा पेला होता. मी निघालो तेव्हा आई वेशीपर्यंत आली. "तुझ्यासाटनं घालतीय तिला," ती म्हणाली. "काय इपरीत झालं तर मी कुनाला इचारू?"

नगरला आलो आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. पुस्तक उघडलं की ओळी पुढे सरकत, अर्थ लागत नसे. धीर करून प्राध्यापकांना विचारलं, की बाईनं भरपूर खाल्लं तर मूल अडण्याइतकं मोठं होतं का? ते म्हणाले, "आईच्या शरीराला काय लागतं ते मी सांगू शकतो. प्रसूतीचं मला कळत नाही. ते डॉक्टरांना विचारा." मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलोही. आत बायकांची रांग होती. काय म्हणून विचारायचं, या संकोचानं परत फिरलो.

पुढे तास सुटला की पाय आपोआप स्टेशनाकडे वळत. मनमाडकडून येणाऱ्या गाडीतून आमच्या बाजूचं कोणी उतरतं का ते बघायचो. ओळखीचा चेहरा दिसला की पुढे होण्याऐवजी खांबाआड व्हावंसं वाटे.

एका दुपारी आमच्या गल्लीतले एक काका उतरले. गाडीत बसायला जागा नव्हती, उसाला पाणी कमी पडतंय, नगरला मोटेचं चामडं बरं मिळतं का, असं त्यांचं चालू झालं. मी मान हलवत होतो. शेवटी राहवेना. "काका, आमच्या अक्काचं काय?"

"आरं, त्येच सांगायचं ऱ्हायलं की," काका म्हणाले. "परवा मोकळी झाली. पोरगी हाय, अंगानं चांगली दांडगी. लई तरास झाला तिला, राहात्याहून डाक्टरीन आनावी लागली. पन दोगीबी बऱ्या हायेत."